उतारावरचा बाक

स्वानंदीने शालनच्या पदराला माइकची चिमटी लावली. ती निसटली. पुन्हा लावली आणि म्हणाली, "काकू, सात मिनिटं. वेळ संपत आली की मी समोरून असा हात करीन."

"आणि संपली की?"

"संपली की टाळ्या."

"बोलणं अर्धं राहिलं तरी?"

"टाळ्या तरीही होतात, काकू," स्वानंदी म्हणाली. ती पुण्याहून आलेली होती, आणि तिने बरेच कार्यक्रम पाहिले होते.

शालनचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती व्यासपीठावरच्या बाकाकडे पाहत होती. बाकावर पांढरी चादर होती, चादरीवर झेंडूची माळ होती आणि माळेच्या मागे तीन मान्यवर होते. तिघेही डावीकडे कलले होते.

खरं तर तिथे सोफे यायचे होते. सोफ्यांचा टेम्पो सर्जापूर रोडच्या सिग्नलला उभा होता. सकाळी फोन केला तेव्हाही तो त्याच सिग्नलला होता. शेवटी स्वयंसेवकांनी क्लबहाऊसची अडगळीची खोली उघडली. सापडलेला लांबलचक लोखंडी बाक त्यांनी पुसला, झाकला आणि व्यासपीठावर मांडला. तो तिथे कुणी आणि का टाकला होता, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. कार्यक्रमाचं नाव 'चला, बदल घडवू या' असं होतं आणि तो वेळेवर सुरू करायचा होता.

शालनने बाकाच्या पायांकडे पाहिलं. चादर थोडी अपुरी पडली होती. उजवीकडचे दोन पाय डावीकडच्या पायांपेक्षा चार बोटं लांब होते. तिने मागे वळून भिंतीजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नागोजीने हाताचा पंजा आडवा धरला आणि हळूच एका बाजूला कलता केला. त्यालाही ओळख पटली होती. न पटून कसं चालेल? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रविवारी एकट्याने बसून, उरलेल्या पाइपांतून त्यानेच तो जोडला होता. सोसायटीच्या गेटजवळची जमीन उतरती होती, म्हणून पाय मापून लहानमोठे केले होते. गेटजवळ तो बाक अगदी सरळ उभा राहायचा. सपाट जागेवर कलायचा.

आता तो पद्मनाभरावांकडे कलला होता. पद्मनाभराव सोसायटीचे सचिव होते आणि मराठी मंडळाचे अध्यक्षही. माणसं आपल्याकडे कलण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांना वेगळं काही जाणवलं नाही. पाहुण्यांपैकी एक मात्र दर पाच मिनिटांनी घसरत त्यांच्या खांद्याला लागे, 'सॉरी' म्हणे आणि पुन्हा चढून जागेवर जाई. शेवटी एका कार्यकर्त्याने 'परिवर्तनाची दिशा' ही कार्यक्रमपत्रिका घडी घालून डावीकडच्या पायाखाली सरकवली. फार फरक पडला नाही.

शालनच्या आधी दोघे बोलले. हेब्बाळहून आलेला देवव्रत तळी वाचवण्यावर बोलला, आणि मनापासून बोलला. या सोसायटीच्या नावात तळं होतं आणि तळ्याच्या जागी हे क्लबहाऊस होतं. पाहुणा म्हणून त्याने तेवढा विषय टाळला. मग शंतनु उठला. शंतनुने शेजाऱ्यांची ओळख करून देणारं अॅप बनवलं होतं. त्याने पडद्यावर नकाशा दाखवला, ठिपके दाखवले आणि म्हणाला, "बेसिकली, लोनलिनेस हा डिस्कव्हरीचा प्रॉब्लेम आहे." त्याच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ सभागृहातच होते. चहाच्या वेळी तिसऱ्याच कुणीतरी दोघांची ओळख करून दिली.

मग स्वानंदीने शालनचं नाव घेतलं. "निपाणीहून बेंगळुरूला आलेल्या, गेली अनेक वर्षं आपल्या सोसायटीत स्वयंपाकाचं काम करणाऱ्या शालनकाकू. त्यांच्या 'अदलाबदल मॉडेल'ची ओळख त्या स्वतः करून देतील."

शालन व्यासपीठावर गेली. 'अदलाबदल मॉडेल' हे नाव तिने आत्ताच ऐकलं होतं.

"नमस्कार. आमचं काय मोठं न्हाई," ती म्हणाली. "आम्ही पंधरा-वीस बायका हाय. कोण स्वयंपाक करतंय, कोण भांडी, कोण पोरं बघतंय. एखादीचं पोरगं आजारी पडलं, एखादीच्या गावाकडं मयत झाली, की ती सुट्टी घेणार. सुट्टी घेतली की तुम्ही दुसरी बघणार. तुमचं पण बरोबर हाय, भाजी कोण करणार? म्हणून आम्ही ठरवलं की जिला अडचण हाय तिचं घर दुसरीनं सांभाळायचं. ती परत आली की घर तिचं तिला परत. कुणाचं काम कुणी तोडायचं न्हाई. सरी?"

"सरी, अक्का," भिंतीजवळून पवित्राचा होकार आला. तिथे कामाच्या बायका रांगेने उभ्या होत्या. त्यांना टाळ्यांसाठी खास बोलावलं होतं. खुर्च्या रहिवाशांना पुरल्या होत्या.

शंतनुने बसल्या जागेवरून हात वर केला. "काकू, अमेझिंग आहे हे. पण कोऑर्डिनेशन कसं होतं? म्हणजे कुणाची सुट्टी, कुणाचा स्लॉट रिकामा, हा डेटा कुठे असतो?"

"बाकावर."

"सॉरी?"

"गेटजवळ एक बाक होता. एका घरातलं काम संपलं आणि दुसरीकडं जायला वेळ असला की आम्ही तिथं बसायचो. बसलं की बोलणं होतंय. बोललं की कळतंय, कुणाच्या घरात काय चाललंय. झाडाखाली उभं राहून कोण आपलं दुखणं सांगत न्हाई. उभं राहिलेलं माणूस निघायच्याच तयारीत असतंय."

सभागृहात दोनतीन जणांनी माना हलवल्या. शालन थांबली नाही.

"दोन महिन्यांमागं तो बाक उचलला. गेटची शोभा जाते म्हणाले. बागेतल्या बाकांवर 'फक्त रहिवाशांसाठी' लिवलंय. मग आता आम्ही जिन्याखाली उभं राहतो, एक हिकडं, एक तिकडं. मागच्या आठवड्यात या पवित्राच्या लेकीला ताप आला. कुणाला कळलंच न्हाई. तिची दोन घरं गेली. तुम्ही ज्याला मॉडेल म्हणताय, ते दोन महिन्यांपूर्वी बंद पडलंय. सत्कार आज ठेवलाय, एवढंच."

स्वानंदीने समोरून हात केला. मग तो हात तिने केस नीट करायला वापरला.

पद्मनाभरावांनी घसा साफ केला. आपल्या जागेवरून, म्हणजे डावीकडच्या खालच्या टोकावरून, ते प्रसन्नपणे म्हणाले, "शालनबाई, तुमच्या भावना पोचल्या. त्या बाकाचा विषय समितीपुढे आहे."

"समितीपुढं न्हाई, साहेब," शालन म्हणाली. "समितीखाली हाय."

पद्मनाभरावांनी तिच्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि मग हळूच चादरीचं टोक उचलून खाली पाहिलं. निळा रंग दिसला. त्यावर नागोजीने रविवारी मारलेला दुसरा हात अजून टिकून होता. पाहुणा याच क्षणी पुन्हा घसरला, पण या वेळी सॉरी म्हणायला विसरला.

कुणी हसलं नाही. पद्मनाभराव मात्र कसलेले अध्यक्ष होते. ते उभे राहिले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"बघा! ज्या बाकावर आमच्या भगिनी बसत, त्याच बाकाला आज व्यासपीठाचा मान मिळाला. याहून मोठं परिवर्तन कोणतं?"

टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या.

"मग परत कधी ठेवणार?" शालनने विचारलं. तिच्या पदराचा माइक चालू होता, त्यामुळे टाळ्यांमध्येही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घेऊ."

पुन्हा टाळ्या झाल्या. मग शंतनु म्हणाला की तो या बायकांसाठी विनामूल्य अॅप बनवून देईल आणि त्या अॅपचं नाव 'बाक' ठेवेल. याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. शालन ऐकत उभी होती. तिला आता कळलं की या सभागृहात कुणीही तिला 'नाही' म्हणणार नाही. टाळ्या वाजवतील, पण 'नाही' म्हणणार नाहीत. 'नाही'शी भांडता तरी येतं.

पद्मनाभरावांनी तिला शाल घातली आणि हातात नारळ दिला. फोटोवाल्याने "मॅडम, स्माइल" म्हटलं. शालन हसली नाही. ती नागोजीकडे पाहत होती. नागोजीने दरवाजाकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग हातांनी हवेतच रुंदी मापली आणि मान हलवली. निघेल.

"कार्यक्रमाची सांगता प्रार्थनेने होईल," स्वानंदी म्हणाली. "सर्वांनी कृपया उभं राहावं. डोळे मिटून, हात जोडून."

सगळे उभे राहिले. मान्यवरही बाकावरून उठून दोन पावलं पुढे आले, कारण फोटोवाल्याला तसं हवं होतं. डोळे मिटले गेले. स्वानंदीने सूर लावला आणि सभागृह तिच्या मागे गाऊ लागलं. विश्वाचं भलं व्हावं, दुष्टांची बुद्धी सुधारावी, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, अशी ती प्रार्थना होती.

शालनने नारळ माइकच्या स्टँडपाशी ठेवला. पदराची चिमटी काढून त्याच्याशेजारी ठेवली. झेंडूची माळ उचलून टेबलावर ठेवली, चादर ओढून घडी घातली आणि तीही टेबलावर ठेवली. तोवर नागोजी आणि बायका वर आल्या होत्या. कार्यक्रमपत्रिका पायाखालून काढून शालनने नीट सरळ केली आणि चादरीवर ठेवली. परिवर्तनाची दिशा तिला मोडायची नव्हती.

"अक्का, मेल्लगे," पवित्रा पुटपुटली. हळू.

"हळूच की. कुठं पळून चाललोय?"

पायरीवरून उतरताना बाकाचा एक पाय लाकडाला लागला. आवाज झाला. स्वानंदीचा एक डोळा उघडला. तिने बाक पाहिला, बाकाला लागलेले हात पाहिले, पुढे उभी असलेली पद्मनाभरावांची पाठ पाहिली. प्रार्थना शेवटच्या कडव्यावर आली होती.

स्वानंदीने डोळा मिटला आणि ते कडवं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. सभागृहाने थोडं अडखळून तिला साथ दिली.

बाहेर ऊन होतं. क्लबहाऊसपासून गेटपर्यंतची वाट सुंदर दगडी फरशीची होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना रिकामे बाक होते, फक्त रहिवाशांसाठी. बायका त्यांच्या मधून आपला बाक घेऊन चालल्या. वाटेत शालन म्हणाली, "नागोजी, लांब पाय कुठल्या बाजूला?" आणि नागोजी म्हणाला, "रस्त्याकडं. विसरलीस?"

गेटवर यल्लाप्पा उभा होता. पहारेकऱ्याने उभंच राहायचं, असा नियम होता. तो विजापूरकडचा, आणि बाक उचलला तेव्हा वरच्या हुकमाने त्यानेच एक टोक धरलं होतं. त्याने मिरवणूक येताना पाहिली. आडवा आला नाही, बाजूलाही झाला नाही.

"अक्का, मला विचारतील."

"विचारू देत की, यल्लाप्पाण्णा. तुम्ही काय खोटं बोलायचं न्हाई. बघितलं ते सांगा."

यल्लाप्पाने थोडा विचार केला. मग पूर्वी उचललेलं तेच टोक त्याने पकडलं.

बाक झाडाखाली ठेवला. मातीत पायांच्या चार जुन्या खुणा अजून होत्या. पाय त्यांत बसले. नागोजीने वाकून एका डोळ्याने पाहिलं. बाक सरळ उभा होता.

वाटेतल्या उन्हाने लोखंड तापलं होतं. शालनने खांद्यावरची सत्काराची शाल काढली, झटकली आणि बाकावर अंथरली. बायका बसल्या. कुणी चप्पल काढली, कुणी पाठ टेकली. पवित्रा सगळ्यात शेवटी बसली, अगदी कडेला.

"लेकीचं कसं हाय?" शालनने विचारलं.

"ताप उतरला, अक्का. पण उद्या दवाखान्यात बोलावलंय. सकाळीच." तिने मान खाली घातली. "नव्या घरात कसं सांगू?"

"कुठलं घर?"

"सी ब्लॉक."

"सी ब्लॉक मी बघतो," शालन म्हणाली. "माझं दहाचं कोण घेतंय?"

दोन हात वर झाले. दोघींत थोडी वादावादी झाली, कारण त्या घरात चहा चांगला मिळायचा.

तेवढ्यात यल्लाप्पाच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. आवाज पद्मनाभरावांचा होता. मागे खुर्च्या सरकवण्याचा गोंगाट ऐकू येत होता.

"यल्लाप्पा, ऐकतोयस का? गेटमधून काही बाहेर गेलंय का?"

नागोजीने पाइपावरचा हात काढला नाही. यल्लाप्पाने गेटकडे पाहिलं. ते बंद होतं. मग त्याने बाकाकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"न्हाई, सर," तो म्हणाला. "बाहेर काय गेलं न्हाई. सगळं जागच्या जागी हाय."

त्याने वॉकीटॉकी कमरेला अडकवली. शालन बाकीच्यांना म्हणाली, "स्वल्प सरका गं," आणि स्वतःही सरकली.

कडेला एका माणसापुरती जागा झाली. यल्लाप्पाने टोपी काढली.