हकीमांचे हात आणि ऊब पाहणारा कॅमेरा

मित्रांनो, कॅमेरा दिसला की तुम्ही हसून उभे राहता. माझ्यापुढे हसून उपयोग नाही. मी ऊब पाहणारा जुना कॅमेरा आहे. गरम ते मला लाल दिसतं, गार ते निळं.

उमेदीची वर्षं मी कारखान्यात तापलेल्या तारा शोधल्या. नवा कॅमेरा आला आणि मी अडगळीत पडलो. वाईट वाटलं नाही. मला तसं काहीच वाटत नाही.

तिथून मला एका मुलीने आणलं. तिचे वडील जुन्या इराणी पद्धतीने औषध देणारे हकीम होते. रोग्याच्या हातावर बोटं टेकवून ते त्याचा मिजाज, म्हणजे प्रकृती उष्ण की थंड, ओळखत. पण त्यांची बोटं बधिर झाली होती. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा त्यांनी चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवलं, तेव्हा मुलीला कळलं.

"यंत्राला मिजाज काय कळणार?" हकीम म्हणाले.

"ते नुसती ऊब दाखवेल, बाबा. मिजाज तुम्हीच सांगा."

मग रोगी पंखा बंद करून बसत, बाही वर सारत आणि मी त्यांचे हात दाखवी. लोक माझं कौतुक करत. हकीमांची झाकली मूठ तशीच राहिली.

एका सकाळी मला सरळ करताना हकीमांचा हात माझ्यासमोर आला. पडद्यावर बोटं गडद निळी उमटली.

"हा कुणाचा हात?"

"तुमचाच, बाबा."

"मला काही होत नाही गं."

"तेच तर! भाजलं तरी तुम्हाला काहीच होत नाही."

मुलीने दवाखाना बंद केला आणि त्यांना इस्पितळात नेलं. बोटांकडे पुरेसं रक्तच पोहोचत नव्हतं. उपचारांनी बोटं वाचली, स्पर्श मात्र परतला नाही.

आता रोग्याचा हात मुलगी धरते आणि उष्ण की थंड ते सांगते. झोप, तहान, राग यांची चौकशी हकीम करतात. मी कपाटात असतो. माझी बॅटरी फुगली आहे.

शेवटचं मला बाहेर काढलं, तेव्हा मुलीने वडिलांच्या हातावर आपला तळवा दाबून उचलला. पडद्यावर तिच्या पंजाचा लाल ठसा राहिला.

"कळलं काही?" तिने विचारलं.

"नाही," हकीम म्हणाले. "पण दिसतंय." ठसा विरेपर्यंत ते बघत राहिले.

मित्रांनो, माझी काच पुसायला विसरलात तरी चालेल. तुमच्या हातांना स्पर्श कळतो आहे, तोवर घरातल्या मोठ्यांचे हात अधूनमधून हातात घेत जा.