शंभर फूट सात इंच

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. साखळी म्हटले की तुम्हाला झोपाळा आठवेल, नाहीतर कुत्र्याचा गळा. मी त्यांतली नाही. मी मोजणीची साखळी, लांबी शंभर फूट. त्या शंभर फुटांचा मला एके काळी इतका गर्व होता की विचारू नका. तो पुढे उतरला. कसा उतरला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी तारेचे शंभर तुकडे केले आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तीन-तीन छोट्या कड्या अडकवल्या, कड्यांसकट एकेक फूट भरेल अशा. दोन्ही टोकांना पितळी मुठी बसवल्या. दर दहा फुटांवर एक पितळी बिल्ला लावला, म्हणजे अंधारातही माणसाला बोटांनी चाचपून आकडा कळावा. कारखान्यातून मी थेट कोळशाच्या खाणींच्या नकाशा-कचेरीत आले.

तिथे मला माझे साहेब भेटले. ते मोजणी करून नकाशे काढायचे. बोलणे मोजके आणि चालणे नाकासमोर, म्हणून माघारी सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि बहुधा आवडतही होते. माझे दुसरे टोक धरायला मामा असत. ते कोणाचे मामा होते देव जाणे, पण अख्खी कचेरी त्यांना मामाच म्हणायची.

आम्ही तिघांनी तो सगळा मुलूख पालथा घातला. ओढ्याच्या काठावर जमिनीतून कोळशाचा काळा पट्टा डोके काढतो, तिथून सुरुवात व्हायची. मग विहिरी, मग भोके पाडून काढलेले खडकाचे नमुने, आणि शेवटी खाणीत उतरून एकेक बोगदा. पुढे मामा कमरेला दिवा लावून, मागे साहेब वही घेऊन, आणि मधल्या चिखलातून सरपटत मी. "ताण!" साहेब म्हणायचे. "ताणली!" मामा ओरडायचे. मग वहीत आकडा पडायचा. जमिनीखाली कोळशाचा कुठला थर किती जाड आहे, कुठे वाकतो, कुठे तुटतो, हे कुणाला डोळ्यांनी एकत्र दिसत नाही. ते साहेबांच्या नकाशात दिसायचे. चौदा खाणींचे नकाशे त्यांनी माझ्या भरवशावर काढले. साहेबांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे खाणीचे मॅनेजरसुद्धा म्हणायचे. ती रेघ ओढली जाते माझ्यामुळे, असे मी मनात म्हणायचे.

माझी हेळसांड झाली, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जातीतल्या पुष्कळ जणी तसे रडगाणे गातात. मला कामानंतर धुवायचे, पुसायचे, तेल लावायचे. साहेबांची लहान मुलगी कचेरीत आली की माझे बिल्ले मोजत बसायची. दुसऱ्या कुणाला मला हात लावायची परवानगी नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका. कचेरीच्या लांब ओसरीत जमिनीत दोन पितळी खुंट्या ठोकलेल्या होत्या, एकमेकींपासून बरोबर शंभर फुटांवर. महिन्यातून एकदा मला त्यांच्यावर घालून तपासायचे, असा नियम होता. पहिली काही वर्षे तो पाळला गेला. मग एकदा नमुन्यांच्या पेट्या ठेवायला एक भले मोठे कपाट आले. दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून ते नेमके पलीकडच्या खुंटीवर ठेवले गेले.

"साहेब, खुंटी झाकली गेली," मामा म्हणाले.

"असू दे. आपली साखळी जाते कुठे?" साहेब म्हणाले.

मला ते ऐकून केवढा आनंद झाला होता. माझ्यावर एवढा विश्वास! पण मित्रांनो, मी जात होते. चिखल, कोळशाची पूड आणि रोजची ओढाताण यांनी माझ्या कड्या आतून झिजत होत्या. एका जागी केसभर. अशा शेकडो जागा. वर्षानुवर्षे मी अशीच वाढत गेले आणि ना साहेबांना कळले, ना मला.

मग त्या चौदांतल्या एका मोठ्या जुन्या खाणीतला कोळसा संपला. ती बंद करण्याआधी शेवटची मोजणी आम्ही केली. तिचा सगळ्यात लांब बोगदा छत्तीस साखळ्या भरला, म्हणजे छत्तीसशे फूट. साहेबांनी तसा नकाशा काढला. त्याच महिन्यात मलाही भिंतीवर टांगले, कारण आता मोजणीच्या पोलादी फिती आल्या होत्या. खाणीतले पंप थांबले आणि ती हळूहळू पाण्याने भरली.

वीस वर्षे गेली. साहेब निवृत्त झाले. मामा मात्र कचेरीत टिकून होते, चहा आणि गप्पा या दोन खात्यांचे प्रमुख म्हणून. आणि साहेबांच्या टेबलावर आता त्यांची मुलगी बसत होती. होय, तीच, माझे बिल्ले मोजणारी. शेजारच्या नव्या खाणीतला एक बोगदा त्या जुन्या, पाण्याने भरलेल्या बोगद्याच्या दिशेने चालला होता. मध्ये कोळशाची चाळीस फुटांची भिंत राखायची, असे ठरले होते. नकाशाप्रमाणे अजून साठ फूट शिल्लक होते. म्हणजे आणखी वीस फूट खोदायला हरकत नव्हती. त्या तोंडावर, म्हणजे बोगद्याच्या खोदत्या टोकाशी, एकोणीस माणसे काम करत होती आणि त्यांत मामांचा जावई होता.

एके दिवशी दुपारी ती खाणीतून परतली ती तशीच, शिरस्त्राणही न काढता. मामांना म्हणाली, "तोंडावरची भिंत ओली आहे. तुमचे जावई म्हणतात, कालपासून पाझरतेय." मग तिने साहेबांना घरून बोलावून घेतले.

"साठ फुटांवरून पाणी असं पाझरत नाही, बाबा."

"नकाशा मी काढलाय," साहेब म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. साखळी शेवटची कधी तपासली होती?"

साहेबांनी ओसरीतल्या कपाटाकडे पाहिले. खोटे बोलणे त्यांना जमत नसे. "कपाट आलं तोपर्यंत, दर महिन्याला," ते म्हणाले.

"कपाट मीच ठेवलं होतं तिथे, साहेब," मामा पुटपुटले.

"ठेवू मी दिलं."

चौघा माणसांनी कपाट हलवले. खाली वर्षानुवर्षांची धूळ आणि तिच्यात ती पितळी खुंटी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले. चौदा खाणी मोजल्या, आणि खुंटी दाराशीच होती. मुलीने आधी पोलादी फीत घातली. ती दोन्ही खुंट्यांवर तंतोतंत बसली. मग तिने मला भिंतीवरून काढले.

मला वाटत होते, मी बसेनच. अजूनही वाटत होते. मामांनी एक मूठ खुंटीवर धरली, तिने दुसरी ताणली. माझी मूठ खुंटीच्या पलीकडे गेली.

"ताण जास्त दिलास," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा मोजले. मूठ तिथेच. मग साहेब गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले आणि त्यांनी माझी मूठ स्वतःच्या हातात घेतली, वीस वर्षांनी. तो हात माझ्या ओळखीचा होता. त्यांनी मला हवा तेवढाच ताण दिला, कमी नाही, जास्त नाही.

"सात इंच," ते म्हणाले.

मित्रांनो, मी शरमेने मेले. शंभर फूट सात इंच जागा व्यापायची आणि शंभरच सांगायचे, हे मी किती वर्षे केले होते कोण जाणे. मुलगी पेन्सिल शोधत होती, तोवर साहेब म्हणाले, "छत्तीस साखळ्या. छत्तीस सत्ते दोनशे बावन्न इंच. एकवीस फूट. जुना बोगदा नकाशापेक्षा एकवीस फूट पुढे आहे. तुझी भिंत साठ नाही, एकोणचाळीस आहे. माणसं वर घे."

तिने फोन उचलला. मामा तोवर खाणीच्या तोंडाशी पोचलेही होते. खाणीतून माणसे आणणारा पाळणा दोनदा वर आला. मामांनी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजले. एकोणीस. जावई शेवटून दुसरा होता. त्या दिवशीची सगळ्यात मोठी मोजणी माझ्याशिवाय झाली.

साहेबांनी त्यांचा तो नकाशा मागवला, लाल शाई घेतली आणि त्याच्या मधोमध लिहिले, 'साखळी सात इंच लांब होती. मी तपासली नाही.' खाली सही केली. मुलगी म्हणाली, "बाबा, एका कोपऱ्यात लिहिलं तरी चाललं असतं." ते म्हणाले, "कोपऱ्यातलं कोण वाचतं?"

दोन दिवसांनी पूर्ण बंदोबस्त करून त्या भिंतीत एक बारीक भोक पाडले. संध्याकाळी मुलगी कचेरीत आली तेव्हा साहेब ओसरीतल्या खुर्चीवर बसून होते.

"किती?" त्यांनी विचारले.

"एकोणचाळीस फुटांवर पाणी लागलं."

त्यांनी मान हलवली आणि मामांकडे चहा मागितला. आणखी वीस फूट खोदले असते तर मध्ये एकोणीस फूट उरले असते. पलीकडे वीस वर्षांचे पाणी होते. ते सगळे बोगद्यात आले असते.

नंतर मुलीने चौदाच्या चौदा नकाशे बाहेर काढले आणि जिथे उतरता येत होते तिथे नव्याने मोजणी केली. तिला दीड वर्ष लागले. साहेब रोज येऊन जुन्या वह्या वाचून दाखवत.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. माझ्या मुठीला एक पत्र्याचा बिल्ला बांधला आहे. त्यावर साहेबांच्या अक्षरात 'शंभर फूट सात इंच' असे लिहिले आहे. सुरुवातीला मला तो गळ्यातल्या धोंड्यासारखा वाटायचा. आता वाटत नाही. कित्येक वर्षांनंतर माझ्याबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणत नाही. ते माझे पुष्कळ झाले आहे. एवढेच सांगते, की जिच्यावर तुमचा फार विश्वास आहे, अशी वस्तू अधूनमधून जमिनीवर घालून बघा. तिला राग येणार नाही. आला तरी बघा.

दर महिन्याच्या एक तारखेला पोलादी फीत खुंट्यांवर घालतात. साहेब खुर्चीवर बसून बघतात. फीत बरोबर बसते. मुलगी त्यांच्याकडे पाहते आणि ते म्हणतात, "ठीक. पुढच्या महिन्यात पुन्हा."