पत्रा किती तापवायचा

विद्यापीठाने उद्योग कक्ष काढला आणि त्याचा प्रमुख थेट माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसू लागला, तेव्हाच मला वाटलं, इथे पाणी मुरतंय. "सहज ऐकायला आलोय, मॅडम," तो म्हणाला. टाय लावून, मांडीवर वही घेऊन कोणी सहज ऐकायला येतं का?

लोखंडाला गंज चढू न देणारा लेप मी सहा वर्षं खपून तयार केला होता. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तो बाहेर बोलायचा नाही, असं कक्षाने बजावलेलं. मग वर्ग आत की बाहेर? विचारलं तर म्हणे, "थोडे दिवस सांभाळून घ्या." म्हणजे उद्या काही फुटलं, की खापर माझ्या डोक्यावर! घरी नवरा हसला. "तुला भाजीवालाही पाळतीवर वाटतो."

हसू दे. मुलांनी विचारलं, लेपाआधी पत्रा किती तापवायचा? मागे टायवाल्याचं पेन चालूच होतं. मी ठोकून दिलं, "तापवायचाच नाही."

चार दिवसांत वर्गातले सगळे पत्रे गंजले. एका मुलीने जेवणाची सुट्टी बुडवून तीनदा प्रयोग केला. "माझाच हात वाईट आहे, मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली. मला माझीच लाज वाटली, आणि राग मात्र टायवाल्याचा आला.

तास संपताच मी त्याची वही ओढून घेतली. आत माझाच धडा होता, आणि समासात लिहिलेलं: 'तापवायचा नाही? अर्जात तर उलटं आहे. विचारावं का?'

"हा लेप कारखानदारांना मला समजवायचाय," तो ओशाळून म्हणाला. "आधी मला नको का कळायला? आणि अर्ज दाखल होऊन दोन आठवडे झाले. आता मोकळेपणाने शिकवा, असं पत्र पाठवलं होतं."

ते पाकीट माझ्या खणात तसंच पडून होतं. कक्षाचं काहीही मी फोडतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "त्या दिवशी मी मुद्दाम खोटं सांगितलं. चुकलं माझं." फळ्यावर खरं तापमान लिहिलं. सगळे उतरवून घेऊ लागले. त्या मुलीची वही बंदच होती.

"लिहीत का नाहीस गं?"

"आधी करून बघते, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "मग लिहीन."