ओढ्याचं गाणं जाहिरातीत गेलं तेव्हा

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, मित्रांनो. वीज नसली की माझा आवाज जेमतेम वीतभर जातो. म्हणून जरा जवळ या.

कोलकात्याच्या एका लहान कारखान्यात मी घडले आणि पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात आले. तिथून मला दशरथ रामटेके यांनी आपल्या लेकीसाठी, आम्रपालीसाठी, नेलं. ते नागपूरकडून येऊन धायरीत राहिलेले, कारखान्यात फिटर. रविवारी विहारात पेटीवर गाणारे. माझा पहिला आवाज ऐकून ते दचकलेच.

"भांडी पडल्यासारखं वाजते हे," ते म्हणाले. "पण वाजव. शब्द मात्र ऐकू आले पाहिजेत."

आम्रपालीने ते ऐकलं. तेव्हा पुण्यातली रॉक वाजवणारी मुलं इंग्रजीतच गायची. ती मराठीत लिहून गाऊ लागली. कॉलेजच्या कार्यक्रमात आधी पोरं हसली आणि दुसऱ्या कडव्याला गप्प झाली. तिच्या शेजारी अनिरुद्ध नावाचा मित्र ड्रम वाजवायचा. चाली मात्र दोघे आळीपाळीने मला हातात घेऊन बांधायचे.

पुढे तिला हिंजवडीत नोकरी लागली. दिवसभर ती संगणकासमोर असे आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्या खांद्यावर. याच काळात धायरीतला ओढा बुजायला लागला. एक मोठी गृहयोजना उभी राहत होती आणि तिचा राडारोडा ओढ्यात पडत होता. पाणी तुंबून खालच्या वस्तीत शिरलं. तिथे राहणाऱ्या शालनकाकूंची शिलाई मशीन चिखलात गेली. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीनचं जाऊ दे, पोरी. ओढा कुठं गेला ते इचार."

त्या वाक्यावरून आम्रपालीने गाणं लिहिलं:

ओढ्या, ओढ्या, कुठं चाललास?
तुझ्या वाटेवर दगड कुणी टाकला?

ती ते वस्तीत गायली, महापालिकेच्या दारात गायली, कंपनीच्या बसमध्येही गायली. साहेबांनी बोलावून समज दिली, तरी ती गायची थांबली नाही.

मग एका संध्याकाळी त्याच गृहयोजनेच्या आवारात ग्राहकांचा मेळावा भरला. करमणुकीला वेगवेगळे बँड बोलावले होते. आम्रपालीने मुद्दाम नाव दिलं होतं. तिला तिथेच हे गाणं गायचं होतं. शालनकाकूही वस्तीतल्या बायकांना घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. आम्ही मंचाजवळ पोचलो आणि मोठ्या स्पीकरमधून जाहिरात सुरू झाली:

चला, चला, घरी चाललात?
ओढ्याकाठचा स्वप्नमहाल आपला!

मित्रांनो, ती आमची चाल होती. माझ्याच तारांवर बसवलेली. मी आम्रपालीच्या हातात होते. तिने माझ्या तारा तळहाताने दाबून धरल्या. ती अनिरुद्धकडे वळली. त्याची मान खाली होती.

"मी दिली चाल," तो म्हणाला. "वाटलं, निदान चार लोकांपर्यंत पोचेल."

"चाल आपल्या दोघांची होती," ती अगदी हळू बोलली. "ओढा कुणाचा होता?"

ती एकटीच मंचावर चढली आणि खरे शब्द गाऊ लागली. दुसरी ओळ संपायच्या आत कुणीतरी वीज तोडली. मी तर जवळजवळ मुकीच झाले. तिने गाणं थांबवलं नाही. मागून शालनकाकूंनी टाळीचा ठेका धरला.

पुढच्या रांगेतले एक चष्मेवाले गृहस्थ उठले. त्यांनी तिथे फ्लॅट घेतला होता आणि त्यांची गाडी लावायची जागा ओढ्याच्याच बाजूला होती. "अहो, म्हणजे आमचं पार्किंग ओढ्यात आहे का?"

"हा संगीताचा कार्यक्रम आहे, प्रश्नोत्तरांचा नाही," योजनेचा माणूस म्हणाला.

"मग गाऊ द्या की त्यांना."

एकामागून एक खुर्च्या सरकल्या आणि लोक उठून उभे राहिले. योजनेच्या माणसांनी आम्रपालीला मंचावरून ओढलं, त्या झटापटीत मी सिमेंटवर आदळले आणि माझी मान मोडली. मला अनिरुद्धने उचललं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

फ्लॅटवाले आणि वस्तीवाले मिळून महापालिकेत खेटे घालत राहिले. अखेर राडारोडा निघाला. पूर्वीइतका रुंद नाही, पण ओढा वाहू लागला. त्या मेळाव्यापायी आम्रपालीची नोकरी मात्र गेली. ती दुसरी गिटार घेऊन गावोगावी गाऊ लागली. मी अनिरुद्धच्या कपाटावर धूळ खात पडले. रोज तो माझ्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा.

बऱ्याच वर्षांनी त्याने माझी मान सांधली, नव्या तारा चढवल्या आणि मला तिच्याकडे नेलं. तिने एक तार छेडली.

"सूर लागतोय," ती म्हणाली. "पण मला काय दाखवतोस? शालनकाकूंकडे जा."

तो गेला. आता काकू त्याला उभा सोलणार, असं मला वाटलं. त्यांनी त्याला नीट निरखलं, दारात खेळणाऱ्या वस्तीतल्या पोरांना हाक मारली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस हितं. वाजव. या पोरांनी ऐकलं न्हाई अजून."

त्याने सुरुवात केली. दुसरं कडवं त्याला आठवेना. ते शालनकाकूंनी म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, आणि तो खाली मान घालून साथ करत राहिला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. तारा गंजल्या तर बदलता येतात. पण गाणं ज्यांच्या दुःखातून आलं, त्यांना विचारल्यावाचून ते कुणाच्या हाती देऊ नका.