चौदा भोकांची जाळी

मित्रांनो, जाळी म्हटलं की तुम्हांला खिडकी आठवेल, नाहीतर ताकावर झाकतात ती चाळणीसारखी जाळी. मी त्यातली कोणीच नव्हे. मी कोळशाच्या शेगडीच्या पोटात बसणारी बिडाची जाळी आहे. जुनी, गंजलेली आणि मधोमध तडकलेली. शेगडी सगळ्यांना दिसते. सणावाराला तिला माती-शेणाचा हात मिळतो, तिच्यावर भात शिजतो, तिचं नाव होतं. मी आत असते. माझ्या डोक्यावर निखारे आणि पायाखाली राख. कुणी वाकून माझ्याकडे पाहिलंच, तर ते शेगडी पेटत नाही म्हणून, आणि तेही शिव्या देत. पण तक्रार करायला मी बोलत नाही. माझी गोष्ट मला सांगायची आहे, कारण तिच्यात माझ्यापेक्षा एका म्हातारीचं मोठेपण अधिक आहे.

ठाकुर्लीजवळच्या एका लहानशा ओतशाळेत चौऱ्याऐंशी साली माझा जन्म झाला. मोडके पंप, शिलाई मशीनची फुटकी चाकं, असला भंगार माल वितळवून तिथे नवं काही ओतत. त्यामुळे मी आधी कोण होते ते मला ठाऊक नाही. थोडी शिवत असेन, थोडं पाणी उपसत असेन. दामाजी नावाच्या कारागिरानं वाळूचा साचा केला आणि मला ओतलं. गार झाल्यावर कानस मारली आणि एकेका भोकातून खिळा घालून पाहिला. चौदापैकी एक भोक बुजलेलं निघालं.

मालक म्हणाले, "जाऊ दे रे, एका भोकानं काय होतंय?"

"एका भोकानं काय होत नाय, शेठ," दामाजी म्हणाला. "पन मग दुसरं बुजतं, तवाबी आपन असंच म्हनतो."

आणि त्यानं ते भोक पाडूनच मला बाजूला ठेवलं. असे हट्टी कारागीर भेटणं हे नशीबच म्हणायचं.

कल्याणच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मी महिनाभर पडून होते. मग धाकू आला. हा कोलशेतचा कोळी, खाडीत मासेमारी करणारा. त्यानं मला उचलून उजेडापुढे धरलं आणि एक डोळा मिटून माझ्या भोकांतून आभाळ पाहिलं. दुकानदाराला हसू आवरेना. धाकूनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला पिशवीत टाकलं आणि घरी नेलं.

घरात तीनच माणसं. धाकू, त्याची बायको मंजुळा आणि त्याची आई जनाबाई. गॅससाठी नंबर लावून वर्षं लोटली होती आणि रॉकेल मिळेल त्या दिवशी मिळे. त्यामुळे त्या घरची चूल म्हणजे तेलाच्या डब्याची, आतून मातीनं लिंपलेली शेगडी. तिच्या पोटात मला बसवलं. वरून कोळसा, खालच्या दारातून वारा, आणि वाऱ्याला निखाऱ्यांपर्यंत नेणारी मी. काम साधं होतं, पण माझ्यावाचून ते होणार नव्हतं.

जनाबाई अख्खा कोळसा फारसा जाळत नसे. वखारीतला चुरा आणायची, त्यात शेण आणि लाल माती कालवायची आणि लाडवाएवढे गोळे वळून उन्हात वाळवायची. तिच्या हातचे गोळे असे जळत की सकाळी पेटवलेली शेगडी दुपारपर्यंत ऊब धरून असे. आजूबाजूच्या बायका विचारायला येत. जनाबाई वरवर म्हणे, "त्यात काय हाय गो एवढा!" पण मनातून सुखावे. संध्याकाळी ती मला उलटी करून हलकेच ठोकायची आणि काडीनं भोकं मोकळी करायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस.

मग शेजारचा रघूचा तबेला उठला. तिथे इमारत येणार होती. म्हशी गेल्या, त्यांच्याबरोबर शेणही गेलं. लाल माती आणायची तर लांब जावं लागे आणि जनाबाईचे गुडघे दुखत. शहाऐंशीच्या वैशाखात तिनं एक युक्ती काढली. ओहोटी लागली की घरामागे खाडीचा चिखल उघडा पडे. काळा, मऊ, लोण्यासारखा. तिनं तोच पाटीभर आणला आणि चुऱ्यात कालवला. गोळे काय सुंदर वळले गेले!

मंजुळा जरा बिचकली. "आये, खाडीचा चिखल कसा चालंल?"

"का नाय चालनार? खाडीनं आपल्याला जलमभर पोसलाय. तिचा चिखल काय वैरी हाय?"

पावसाळ्याची बेगमी म्हणून पाच पाट्या गोळे तयार झाले. वाळल्यावर त्यांच्यावर पांढुरकी साय आली होती. जनाबाईला ती राख वाटली. ते मीठ होतं.

मित्रांनो, मिठाची आणि बिडाची दोस्ती नसते. ते गोळे जळू लागले तशी त्यांची राख भुसभुशीत पडेना. चिखल आणि मीठ मिळून माझ्यावर काचेसारखा थर धरू लागला. काडीनं निघणारा नव्हता तो. एक भोक बुजलं, मग दुसरं. कडांचे पापुद्रे सुटू लागले. पूर्वी निखारे लालबुंद होत, आता ते काळपट धुमसत राहिले. जनाबाई म्हणे, "पावसाची हवा, दुसरा काय!" ती मला ठोकायची, पण आता नुसत्या ठोकण्यानं भागत नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी भाद्रपदात मंजुळा बाळंत झाली. आधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, म्हणून या मुलीची सगळ्यांनी श्वास रोखून वाट पाहिली होती. मुलगी दिवस भरायच्या आधी आली. एवढीशी, हातात धरायला भीती वाटावी अशी. नाव ठेवलं सगुणा.

आपल्याकडे बाळंतिणीला अंघोळीनंतर शेक देतात. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा टाकायचा, आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. जनाबाईनं यातलं काहीच कमी केलं नाही. खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या. दोन्ही वेळ शेगडी आत येई, आणि शेगडीत मी असे.

चार दिवसांत मंजुळाचं डोकं जड होऊ लागलं. मळमळायचं. बाळ दूध ओढायचं सोडून नुसतं झोपायचं. जनाबाई घाबरली. तिला एकच कारण सुचलं. नजर! रोज तिन्हीसांजेला ती मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून टाकू लागली. कुठे? शेगडीतच. माझ्यावर. मीठ तडतडे आणि उरलेली भोकं बुजत. मी तिला हसत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यासाठी माणूस जे ठाऊक आहे तेच करतो. पण त्या दिवसांत मला माझ्या जन्माची लाज वाटली. माझ्यावरच्या धुमसत्या निखाऱ्यांचंच विष त्या लेकराच्या नाकात जात होतं.

नवव्या दिवशी दुपारी शेजारची थेल्मा नारळाच्या दुधातली पेज घेऊन आली. तिचा नवरा आर्थर जवळच्या कारखान्यात बॉयलरवर होता. धाकू खाडीवर गेला होता आणि जनाबाई पडवीत सुकट निवडत होती. थेल्मानं दोनदा हाक मारली. आतून आवाज आला नाही.

"मावशे, मंजुला ओ देत नाय."

"झोपली आसंल गो. रातभर जागी व्हती."

"मी दार उघडतंय."

"नको नको! वारा जाईल आत!"

थेल्मानं ऐकलं नाही. दार ढकललं, आणि तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मंजुळा बाजेवर वेडीवाकडी पडली होती. बाळ तिच्या कुशीत, हातपाय सैल सोडून. थेल्मानं बाळ उचललं आणि अंगणाकडे धावली. जनाबाई दारात आडवी आली. "भायेर नको नेऊ! वारा लागंल, पोर मरंल माझी!"

कारखान्यातली पाळी संपवून आर्थर तेवढ्यात घरी येत होता. आरडाओरडा ऐकून तो आला, दारातून त्यानं आत पाहिलं, शेगडी पाहिली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"मावशे, बाजूला हो! वाऱ्यानं नाय मरत ती. वारा नाय म्हनून मरतंय!"

जनाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. सगळा जन्म ती बाळंतिणीला वाऱ्यापासून जपायला शिकली होती. आणि आता हा पोरगा सांगत होता की उलट कर. तिनं नातीकडे पाहिलं. ओठ निळसर पडले होते. मग ती बाजूला झाली. नुसती बाजूला नाही झाली, आत शिरून तिनं खिडकीतल्या चिंध्या दोन्ही हातांनी उपसल्या आणि कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलून शेगडीवर ओतली. तापलेल्या बिडावर गार पाणी! मी कडकन तडकले. मित्रांनो, खरं सांगते, तुटताना झाला इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

अंगणात, भरल्या वाऱ्यात, सगुणा आधी आचके देत राहिली आणि मग रडली. आर्थरनं मंजुळालाही बाहेर आणलं, मग रिक्षा आणून दोघींना ठाण्याच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी आर्थरनं मला बाहेर काढून खिळ्यानं भोकं तपासली. चौदांपैकी तीन उघडी होती.

"आगीला वारा नाय मिलला का ती इख सोडते, मावशे. ना वास, ना रंग. आमच्या बॉयलरवर पयला हेच शिकवतात. पन ही एवढी बुजली कशानं?" त्यानं पाटीतला एक गोळा फोडला, तुकडा जिभेला लावला आणि थुंकला. "खारट हाय."

जनाबाईनं दुसरा तुकडा उचलला. तिनंही जिभेला लावला. मग ती दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसून राहिली. उरलेल्या पाट्या तिनं एकटीनं, दुखऱ्या गुडघ्यांनी, खाडीत नेऊन रिकाम्या केल्या. धाकू मदतीला गेला तर त्याला हात लावू दिला नाही.

तीन दिवसांनी मंजुळा लेकीला घेऊन घरी आली. जनाबाई उंबऱ्याशीच उभी राहिली. "कुनाची नजर नव्हती गो. माझ्याच हातचे गोळे व्हते." मंजुळानं सगुणाला सासूच्या हातात दिलं.

मी निकामी झाले होते. भंगारात जायची माझी तयारी होती. पण जनाबाईनं मला फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्यानंतर कोलशेतात कुठेही बाळंतीण आहे असं कळलं की ती मला काखेत मारून तिथे जायची. शेगडी उलटी करायला लावायची, भोकं मोजायची, गोळे कशात कालवले ते विचारायची. कुणी चिडलं तर मला पुढे धरायची. "ही बघा. ही माझी चूक हाय." आपली चूक लोक झाकून ठेवतात. जनाबाई ती घरोघर दाखवत फिरली. लोक आधी हसले, मग तिला बोलवायला येऊ लागले.

मित्रांनो, पुढे त्या घरी गॅस आला. तुमच्याही घरी आलाच असेल. तरी थंडीत कुठे शेगडी पेटते, कुठे बंद न्हाणीघरात निखारे ठेवतात. पेटवण्याआधी ती उलटी करून बघत जा. माझ्यासारखीची भोकं मोकळी आहेत ना, दार उघडं आहे ना. आम्हांला बोलता येत नाही, तुम्हांला वाकता येतं.

पंच्याण्णवच्या थंडीत मी जनाबाईबरोबर शेवटची फेरी केली. तिला आता दिसत नव्हतं, म्हणून नऊ वर्षांची सगुणा तिचा हात धरून होती. बायजा नावाच्या बाईच्या सुनेला मुलगा झाला होता. खोली घट्ट बंद, आत शेगडी. बायजा दार उघडायला तयार होईना.

"आमच्या आज्या-पणज्यांपासून असाच शेक देतात," ती म्हणाली. "तू कोन आम्हांला शिकवनारी?"

जनाबाईनं फडकं सोडून मला पुढे केलं. बायजानं तोंड फिरवलं. "तुटकी जाली दाखवून भिववतंस व्हय? एवढा काय गेला तुझा?"

जनाबाईनं मला ओट्यावर ठेवलं आणि चाचपडत नातीचा खांदा धरून तिला पुढे सरकवलं.

"ही जात व्हती," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

बायजानं सगुणाकडे पाहिलं. दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, तोंडात बोर. मग ती उठली आणि तिनं दाराची कडी काढली.