कोरं पाणी

बाबांनी जन्मभर विहिरी खणल्या, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांचे नखरे राजाला लाजवतील असे. घरची विहीर खारट झाली तेव्हापासून ते रोज सकाळी दोन कॅन घेऊन टेकडीवरच्या झऱ्यावर जात. गुडघे बोंब मारत, पण ऐकतो कोण! परवा उतारावर घसरले, तेव्हाही आधी कॅन सावरला आणि मग स्वतःला.

लेक समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पाळीप्रमुख होती. अख्खं शहर तिच्या हातचं पाणी पिणार आणि बाप टेकडी चढणार, हे तिच्या जिवाला लागलं होतं. गेल्या आठवड्यात ती मोठ्या ऐटीत बाटली भरून घेऊन आली. बाबांनी घोट तोंडात घोळवला.

"पोरी, हे ओलं आहे, एवढं खरं."

"म्हणजे?"

"बाकी काहीच नाही यात."

आणि दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा टेकडीवर.

लेकीने तणतणत ही तक्रार कारखान्यातल्या केमिस्टबाईंना सांगितली.

"कुठल्या नळाचं नेलंस?" बाईंनी विचारलं.

"गाळणीजवळच्या. आम्ही सगळे तेच पितो की!"

"कपाळ माझं! अगं, ते कोरं पाणी. चुनखडीच्या टाकीतून गेल्यावर त्याला चव येते. नळ जवळ पडतो म्हणून तुम्ही आळशी ते पिता, आणि आता तेच गोड लागतं तुम्हाला. तुझ्या बाबांची जीभ शाबूत आहे."

त्या संध्याकाळी तिने शेवटच्या नळाची बाटली आणली. पेला बाबांपुढे ठेवला आणि ते तोंड वाकडं करायच्या आत सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, हे पाणी चुनखडीतून येतं, तुमच्या विहिरीत यायचं तसंच.

"खडी कोण भरतं?" बाबांनी विचारलं.

"आम्हीच. या वेळी मी उतरले होते टाकीत. तीन दिवस लागले."

बाबांनी तिचे हात ओढून उताणे केले. तळव्यांवर फोड होते. त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला.

तिचा चेहरा पडला. "एक घोट तरी घ्या ना, बाबा."

"वेडी का तू? नव्या विहिरीचा पहिला घोट कुणाचा असतो?"

तिला ठाऊक होतं. लहानपणापासून दर विहिरीच्या काठावर तिने ते पाहिलं होतं. आधी खणणारा प्यायचा, मग बाकीचे.

ती प्यायली. डोळे भरून आले, हसूही फुटलं.

"मोठ्याने सांग, कसं आहे?"

"गोड आहे!" ती ओरडली, शेजारी दचकतील इतक्या जोरात.

मग बाबांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या.

"अजून आण," ते म्हणाले, "आणि ते कॅन टाक माळ्यावर."