उजव्या मनगटावरचं घड्याळ

घड्याळ उजव्या मनगटावर का? या एका प्रश्नावर पोर्ट आल्डर हे अख्खं गाव तीस वर्षं पोट भरत होतं, आणि ज्या बाईला उत्तर ठाऊक होतं ती तिथून दोनशे मैलांवर मूग गिळून बसली होती.

'हॅलरन फेरी' ही टीव्ही मालिका याच गावात चित्रित झाली, आणि चालली जेमतेम दोन वर्षं. बंदरावर रोज संध्याकाळी फेरीबोट लागते आणि पलीकडून जेवढे चढले त्याहून एक उतारू जास्त उतरतो. तो कोण, कुठला, कुणालाच कळत नाही. नोरा नावाची पोलीसबाई छडा लावायला निघते. शेवटच्या भागात ती मेलेल्या बापाचं घड्याळ डाव्या मनगटावर बांधून आरशासमोर बसते, मग उठते, दार उघडते, आणि धक्क्यावर पाऊल टाकते तेव्हा घड्याळ असतं उजव्या मनगटावर. ती बोटीत जाऊन बसते. काळोख. खेळ खलास.

बस, एवढंच. पण एवढ्यावरून जे रामायण झालं ते विचारू नका. एक पंथ म्हणतो, बाहेर आली ती नोरा नव्हेच, ती आरशातली. खरी बिचारी आतच अडकली. दुसरा म्हणतो, नोरा पहिल्याच भागात बुडून मेली होती, रोजचा जास्तीचा उतारू तीच. तिसऱ्यांच्या मते काळच उलटा फिरला. नवरा-बायकोंचे अबोले झाले यावरून. लोकांनी पुस्तकं लिहिली. पराचा कावळा म्हणतात तो हा. दिग्दर्शकाला कुणी विचारलं की तो नुसता हसायचा. मरेपर्यंत हसला. चूक होती हे कुठल्या तोंडाने सांगणार?

चूक होती, आणि ती लोरेन हाऊगनची होती.

लोरेनचं काम कंटिन्युइटीचं. आज अर्धा प्रसंग चित्रित झाला आणि उरलेला दहा दिवसांनी, तर मधल्या काळात पात्राची बट इकडची तिकडे होता कामा नये, ते बघणारी ती. प्रत्येक शॉटनंतर पोलरॉइड फोटो काढायचा, वहीत टिपायचं. सेटवर तिच्या फोटोपुढे दिग्दर्शकाचंही चालत नसे. त्या दिवशी आरशाच्या प्रसंगानंतर सगळ्यांना घाई होती. खोलीत दिवे आणि माणसं खच्चून भरलेली, नटीला ताप, ती जागची हलायला तयार नाही. लोरेन तिच्या मागेच उभी होती. तिने तिथूनच फोटो घेतला आणि वहीत लिहिलं, 'घड्याळ: फोटो पाहा.'

तो फोटो नटीचा नव्हता, नटीच्या प्रतिबिंबाचा होता. आरशाची चौकट त्यात आली नव्हती. अंगात गळाबंद स्वेटर, त्याला ना गुंड्या ना खिसे. केस चापून मागे बांधलेले. डावं-उजवं सांगणारं त्या फोटोत घड्याळाखेरीज काहीच नव्हतं, आणि घड्याळ दिसत होतं उजव्या मनगटावर.

दहा दिवसांनी धक्क्यावरचा शॉट. कपडेपट सांभाळणारी पेग टॅलबट घड्याळ घेऊन नटीचा डावा हात धरून उभी होती.

"उजवा," लोरेन म्हणाली.

"डावा, बाई. मीच बांधलं होतं या हातांनी."

"हे बघ." लोरेनने फोटो नाचवला. "हा काय खोटं बोलतो?"

पेगने फोटो डोळ्यांशी नेला. "मग माझंच डोकं ठिकाणावर नसेल," असं म्हणून तिने घड्याळ उजव्या हाताला बांधलं. सेटवरचा नियमच तो. फोटो सांगेल ते खरं.

तीन आठवड्यांनी संकलनाच्या खोलीतून निर्मात्याचा फोन आला, तोवर सेट मोडून लाकूड विकून झालं होतं. घड्याळाचा घोळ कुणाचा, त्याने विचारलं. लोरेनने फोन कानाला लावूनच पोलरॉइड शोधून काढला, दिव्याखाली धरला, आणि कडेला तिला आरशाच्या काचेच्या तासलेल्या कडेची बारीक रेघ दिसली. घरात दोन लहान लेकरं, नवरा नुकताच सोडून गेलेला. ती म्हणाली, "घड्याळ कपडेपटच बांधतो."

बघा, शब्दाने खोटं नाही. कपडेपटच बांधतो. हेच वाक्य तिला तीस वर्षं चावत राहिलं. सरळ खोटं बोलली असती तर कदाचित विसरली असती.

पेगला काढलं. शेवटच्या नामावलीतून तिचं नावही गेलं. या धंद्यात गाव छोटं आणि तोंडं मोठी. पुढे तिला कुणी दारात उभं केलं नाही. लोरेन मात्र आणखी चोवीस वर्षं मानाने काम करून निवृत्त झाली. कुठेही तिची तारीफ झाली की ती विषय बदलायची. पेगला एक फोन करावा असं शंभरदा आलं मनात, पण तोंड कुठलं होतं?

यंदा मालिका संपल्याला तीस वर्षं झाली. पोर्ट आल्डरच्या वार्षिक मेळाव्याचं आमंत्रण घेऊन मेळाव्याच्या प्रमुखाचा, म्हणजे ड्वेन नावाच्या दंतवैद्याचा फोन आला. बोलता बोलता त्याने सांगितलं, "पेग टॅलबटही इथेच असतात हो, किती वर्षं झाली." लोरेनला रात्रभर झोप लागली नाही. एकाहत्तर वय झालं, आता नाही तर केव्हा? सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, पेगचं नाव धुवून काढायचं, असं तिने ठरवलं. फोटो पाकिटात घातला आणि गाडी काढली.

मच्छीमारांच्या युनियनचा हॉल सकाळपासून गजबजला होता. कॉफी, शिंपल्यांचं गरम सूप, ब्लॅकबेरी भरलेली पेस्ट्री. दारातच एका म्हाताऱ्याने लोरेनला अडवून विचारलं, "तुम्ही डाव्या नोराच्या बाजूच्या की उजव्या?" त्याच्या बायकोने त्याला ओढलं. "सोडा त्यांना. यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत सकाळी, आणि हे नोराला शोधतायत."

पेग खिडकीशी टेबल मांडून बसली होती. केस पांढरे, अंगठे संधिवाताने वाकलेले. पुढे तिने विणलेले गळाबंद स्वेटर आणि घड्याळांची पेटी. लोक रांगेत उभे होते, आणि पेग एकेकाच्या उजव्या मनगटावर घड्याळ बांधून देत होती, फोटोसाठी. लोरेनला भडभडून आलं. ज्या घड्याळाने हिचं वाटोळं केलं तेच बांधत बसलीय बिचारी, जत्रेतल्यासारखी.

पेगने मान वर केली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"आलीस. म्हटलं, वाट चुकलीस की काय तीस वर्षं."

"पेग, मला बोलायचंय तुझ्याशी. त्या फोटोबद्दल..."

"रांग बघतेस ना माझी?" पेग हसली, पण घाईने. तिने लोरेनचं मनगट धरून जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "संध्याकाळी घरी ये, सूप पाजते. तोवर वर व्यासपीठावर फार बोलू नकोस. लोकांना कोडं आवडतं गं. राहू दे त्यांचं त्यांना."

किती मोठं मन, लोरेनला वाटलं. अजूनही मलाच पाठीशी घालतेय. आता तर बोललंच पाहिजे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात ना, लोरेनच्या मनात इतकं लख्ख चांदणं पडलं होतं की समोरच्या बाईचा चेहरा तिला दिसलाच नाही.

दुपारी परिसंवाद झाला, 'शेवटाचा अर्थ'. एक प्राध्यापक बोलला, एक टपाल वाटून निवृत्त झालेला गृहस्थ बोलला, टेस नावाची एक मुलगी बोलली. तिने उजव्या मनगटावर ते घड्याळच गोंदवून घेतलं होतं. खऱ्या नोराला आरशातून सोडवायचं कुणी, यावरून तिघांची अशी जुंपली की ड्वेनला पेला वाजवावा लागला.

"आता त्या दिवशी तिथे प्रत्यक्ष हजर असलेल्या लोरेन हाऊगन," तो म्हणाला. "लोरेन, तुमचं मत काय? बाहेर कोण आली?"

लोरेन उठली. "बाहेर नोराच आली," ती म्हणाली. "घड्याळ चुकून उजव्या हाताला गेलं, आणि चूक माझी." मग तिने सगळं सांगितलं. आरशातला फोटो, पेगचं "डावा, बाई", निर्मात्याचा फोन, आणि ते वाक्य. फोटो पाकिटातून काढून तिने वर धरला. "पेगने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर तिचा बळी दिला. तिची काहीच चूक नव्हती. तिने फक्त मी सांगितलं तसं केलं."

छातीवरची धोंड उतरली होती. लोरेनला रडू आलं.

टेसने हळूच हात वर केला. ती लोरेनकडे बघत नव्हती, मागे खिडकीकडे बघत होती.

"पण पेग, तुम्ही तर सांगितलं होतं ना? डाव्या हाताला बांध असा हुकूम होता आणि तुम्ही मुद्दाम उजव्या हाताला बांधलंत. नोरा आता परतणार नाही हे तुम्हाला एकटीलाच कळलं होतं म्हणून. आणि त्यासाठी तुमची नोकरी गेली." तिने आपलं गोंदवलेलं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं होतं. "तुम्ही ते सांगितलंत, म्हणून तर मी हे करून घेतलं."

लोरेनचा हात फोटोसकट हवेतच राहिला. तेव्हा कुठे तिला कळलं. ज्या रांगेला ती जत्रा समजली होती ती पेगच्या पाया पडायला आलेल्यांची रांग होती. धंद्याने हाकललेल्या बाईला या गावाने मखरात बसवलं होतं, शेवटाचा अर्थ आपल्या हातांनी ठरवणारी बाई म्हणून. वीस-बावीस वर्षं ती त्यावर जगली होती.

पेग उठली. 'हे खोटं आहे' एवढं ती म्हणाली असती तरी निम्म्या लोकांनी मानलं असतं. लोरेन मनातून म्हणत होती, म्हण, लोरेन म्हातारी झालीय, बरळतेय असं म्हण, मी मान हलवीन.

"ती खरं सांगतेय," पेग म्हणाली. "तिने सांगितलं तसं मी बांधलं. बाकी सगळं मी नंतर रचलं."

कुणी काही वाईट बोललं नाही. तेवढे सभ्य लोक ते. कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि ती लोरेनसाठी होती. किती प्रामाणिक बाई. आणि मग टपालवाला ओरडलाच, "थांबा. फोटो आरशातला होता म्हणताय? म्हणजे धक्क्यावर आली ती अक्षरशः आरशातल्या फोटोवरूनच बनवलेली." झालं. जो तो फोटोभोवती गोळा झाला. ज्यांचा सिद्धांत आता संपायला हवा होता त्यांना पुरावाच मिळाला. लोरेनच्या सह्या मागायला लोक लोटले. फोटो काचेत घालून हॉलमध्ये लावायची परवानगी ड्वेन मागत होता.

गर्दीतून वाट काढत ती खिडकीशी पोचली तेव्हा टेबलापुढे कुणी नव्हतं. पेग स्वेटरांच्या घड्या घालत होती. अंगठ्यांत जोर नव्हता, म्हणून तळहातांनी दाबून घालत होती.

"पेग, मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तुझं नाव धुवून निघेल."

"निघालं की," पेग म्हणाली. "पार पुसूनच निघालं."

"तू आधी सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं. फार बोलू नकोस म्हटलं होतं. तेव्हाही डावा म्हटलं होतं." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हा गप्प बसून तू वाचलीस. आज बोलून तू मोकळी झालीस. दोन्ही वेळा विषय माझा होता, लोरेन. एकदा तरी मला विचारायचं होतंस."

लोरेनने माफी मागायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की माफी मागितली की आपल्याला आणखी बरं वाटेल. तिने तोंड मिटलं.

मागून ड्वेन बोलावत होता. लोकांना फोटो काढायचे होते, तिच्याबरोबर, घड्याळ बांधून. "पेग, तुमची घड्याळांची पेटी जरा घेऊ का?" त्याने बिचाऱ्याने अगदी अदबीने विचारलं.

पेगने पेटी उचलली आणि लोरेनच्या हातात दिली.

"जा," ती म्हणाली. "रांग लागलीय तुझी."